ध्यानात मुंग्या येतात, डावीकडे कलल्यासारखं वाटतं – नुसतं बघत राहू की डॉक्टरांकडे जाऊ? (मदत हवी आहे)

नमस्कार. मी ४७ वर्षांची, राहायला मुलुंडला, नोकरी फोर्टात. दिवाळीनंतर इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं. तेव्हापासून रोज पहाटे पाच ते सहा बसते. संध्याकाळची बैठक लोकलमधून उतरून घरी पोचल्यावर कधी जमते, कधी नाही.

शिबिरात पहिले साडेतीन दिवस आनापान होतं, म्हणजे नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर एवढ्याशा जागेवर श्वास बघायचा. चौथ्या दिवशी विपश्यना दिली, मग डोक्यापासून पायापर्यंत मन फिरवायचं. काही वेगळं जाणवलं तर दुपारी आचार्यांना विचारता यायचं. घरी विचारायला कुणी नाही, म्हणून इथे लिहितेय.

वीसेक मिनिटं झाली की माझे हात मोठे होतात. मांडीवर दोन उशा ठेवल्यात असं वाटतं, बोटं कुठे संपतात ते कळत नाही. अंगठा जरा हलवला की हात पुन्हा आपल्या मापाचा. याची भीती वाटत नाही. डावीकडे कलल्याची वाटते. आता पडणारच, असं होतं. डोळे उघडून कपाटाच्या आरशात बघितलं तर ताठ बसलेली असते. एकदा नवऱ्याला उठवून फोटो काढायला लावला, त्यातही सरळच. शिवाय हृदयाचा ठोका छातीत नाही तर पोटात, मानेत, टाळूत लागतो आणि प्रत्येक ठोक्याला धड किंचित हलतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मांडी घातली की उजव्या पायाला मुंग्या येतात, त्याचं काही नाही. पण गेल्या मंगळवारी उठले तर पाऊल उचलेना. टाच टेकली, पण पंजा लोंबतच राहिला, बोटं फरशीला घासली. ओट्याला धरून उभी राहिले. पावलावर वरच्या बाजूने, अंगठ्याच्या मागे, बोट फिरवून बघितलं तर जाड मोज्यावरून फिरवल्यासारखं लागलं. दहा मिनिटांनी पाय ताळ्यावर आला. आणि हल्ली ध्यानाला बसलेली नसतानाही, गाडीत कडी धरून उभी असताना दोन्ही हातांच्या बोटांची टोकं झिणझिणतात. रात्री तळपायही.

आमच्या डब्यातल्या एक ताई म्हणतात, कुंडलिनी जागी होतेय, भाग्य समज. शिबिरात सांगितलेलं मनात असतं: अनिच्च, येतं आणि जातं, प्रतिक्रिया देऊ नका. मग डॉक्टरांकडे जाणं ही प्रतिक्रियाच झाली ना? याच प्रश्नावर मी आठवडाभर अडकलेय. कोणती संवेदना बघत बसायची आणि कोणती दाखवायला न्यायची, हे तुम्ही कसं ठरवता?

प्रतिसाद १

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, स्वतःही बसतो. हात न हलवता ठेवला की त्वचेतून आणि सांध्यांतून मेंदूकडे जाणारी खबर मंदावते, मग मेंदू हाताचं माप अंदाजाने धरतो. डोळे मिटल्यावर तोलाचंही तसंच. ठोक्याला धड हलतं हा भास नाही. रक्त महाधमनीत ढकललं जातं त्याचा तो धक्का आहे, एरवी आपलं लक्ष जात नाही इतकंच.

पायाचं मात्र वेगळं. गुडघ्याच्या जरा खाली, बाहेरच्या बाजूला हाडाचा उंचवटा हाताला लागेल. त्याला वळसा घालून एक नस कातडीच्या अगदी जवळून जाते. पंजा वर उचलणारे स्नायू तिच्यावर चालतात. मांडी घालून तासभर बसलं की ती दाबली जाते. लोक रक्त थांबलं म्हणतात, पण बहुतेक वेळा दबलेली असते ती नस. रोज असं होऊ दिलं तर पंजाची ताकद कमी होऊ शकते. त्यामुळे आजपासून तशी मांडी बंद.

न बसताही दोन्ही हातापायांना येणाऱ्या मुंग्यांचा ध्यानाशी संबंध जोडू नका. बी-१२, साखर आणि थायरॉईड तपासून घ्या. तुम्ही शाकाहारी आहात का? ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू आहे का? दोन्हींमुळे बी-१२ कमी होऊ शकतं. आणि एका बाजूची ताकद अचानक गेली, बोलणं अडखळलं किंवा घामासह छातीत दुखलं, तर बैठक सोडून तडक हॉस्पिटल गाठा.

प्रतिसाद २

मी बारा वर्षं बसतेय. खुर्चीवर बसायला काहीच हरकत नाही. शिबिरातही गुडघेदुखीवाल्यांना खुर्ची देतातच. पाठ आणि मान सरळ राहिली म्हणजे झालं. औषध घेणं म्हणजे समता सोडणं नव्हे. गोळी घ्यावी आणि दुखतंय तेही बघावं. जमलं तर बोरिवलीहून गोराईची खाडी ओलांडून तिथल्या विपश्यना पॅगोडाला या. तिथे जुन्या साधकांसाठी एक दिवसाची शिबिरं असतात, आचार्यांशी समोरासमोर बोलता येतं. मला स्वतःला अशा गोष्टी लिहून विचारण्यापेक्षा समोर बसून विचारलेल्या बऱ्या वाटतात.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. शाकाहारी आहे, आणि ॲसिडिटीची गोळी तीन वर्षं घेतेय, हे डॉक्टरांना मी कधी सांगितलंच नव्हतं. काल रिपोर्ट आला: बी-१२ १४२, आणि रिपोर्टवर खालची मर्यादा २११ छापलीय. इंजेक्शनं सुरू झाली. पंजाची ताकद डॉक्टरांनी तपासली, ती ठीक आहे.

आज पहाटे स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले, पावलांखाली सतरंजीची घडी घेऊन. पायाला मुंग्या नाहीत. डावीकडे कलणं खुर्चीवरही आहेच, पण आज डोळे उघडून आरशात बघितलं नाही. गोराईला पुढच्या रविवारी यायचं म्हणतेय. बोरिवली स्टेशनहून जेट्टीला शेअर रिक्षा मिळते का?