नातवाची चार्टर शाळा पण सरकारीच ना? मग पैसे कमी का?

दांडियाबाजार_बडोदे

नमस्कार मंडळी. बडोद्याच्या एका मराठी माध्यमाच्या ग्रांटेड हायस्कुलात मी ३१ वर्षं क्लार्क होतो. पगारबिलं, निभाव ग्रांट (शाळा चालवायच्या खर्चाचं अनुदान), ऑडिटचे आक्षेप, सगळं हातून गेलंय. तरी तिकडचा हिशेब काही लागत नाहीये, म्हणून इथे विचारतो.

मुलगी अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीला असते. यंदा लॉटरीत नातवाचा नंबर एका चार्टर शाळेत लागला, म्हणजे पैसा सरकारी पण कारभार स्वतःच्या वेगळ्या मंडळाचा. फी शून्य. परवा तिने व्हिडिओवर शाळा फिरवून दाखवली. एका जुन्या चर्चमागच्या इमारतीतले दोन मजले, भाड्याचे. मैदान नाही. गाड्या लावायच्या जागेत खडूने रेघा मारल्यात, तिथे पोरं खेळतात. दुपारी ज्या टेबलांवर डबे खातात त्याच टेबलांवर नंतर चित्रकलेचा तास. दोन गल्ल्या सोडून डिस्ट्रिक्टची, म्हणजे तिथल्या स्थानिक शाळा-खात्याची, शाळा आहे, तिथे जिम, मोठं सभागृह, वाद्यांची वेगळी खोली. तिथेही फी शून्यच. दोघीही 'पब्लिक', म्हणजे सरकारी, म्हणवतात.

मुलगी म्हणते, "बाबा, त्यांना शंभर मिळाले तर आमच्या शाळेला नव्वद." का, ते तिलाही माहीत नाही. सकाळी कमाटीबागेत माझ्यासोबत फिरणारे एक निवृत्त मास्तर म्हणतात, चार्टर म्हणजे सरकारी पैशावर खाजगीवाल्यांनी मांडलेलं दुकान, नव्वद देतात तेच डोक्यावरून पाणी. (कुठलाही विषय काढा, ते १९०६ वर जातातच: सयाजीराव महाराजांनी सगळ्या राज्यात सक्तीचं मोफत शिक्षण केलं तेव्हा काय चिठ्ठ्या टाकल्या होत्या का?)

तर हे दहा जातात कुठे? आणि दहाच का?

खातेवही_एडिसन

काका, मी सहा वर्षं एका चार्टर शाळेचे हिशेब बघतेय. माझा कल कुणीकडे असेल ते ओळखून घ्या.

९० चा आकडा न्यू जर्सीच्या कायद्यातला आहे. चार्टरचा कायदा इथे १९९५ चा. मूल ज्या डिस्ट्रिक्टमध्ये राहतं त्याने चार्टरला त्या मुलामागे पैसे द्यायचे. पण आधी विचारा, शंभर कशाचे? घरपट्टीतून शाळांसाठी येणारा स्थानिक पैसा आणि राज्याची 'इक्वलायझेशन' मदत (स्थानिक पैसा कमी पडतो तिथे राज्य भर घालतं ती), या दोन्हींची मुलामागे बेरीज करायची आणि त्याचे ९० टक्के. सुरक्षेची आणि स्पेशल एज्युकेशनची राज्याची मदत वेगळी येते, केंद्राकडून त्या मुलापोटी येणारे पैसेही. डिस्ट्रिक्टला मिळणारा बाकी पैसा मात्र या शंभरात धरलेलाच नसतो.

जर्सी सिटीचंच घ्या. २००८ साली राज्याने शाळांना पैसे वाटायचं नवं सूत्र आणलं. त्यात ज्या डिस्ट्रिक्टांचं नुकसान होणार होतं त्यांना सांभाळायला 'ॲडजस्टमेंट एड' दिली. जर्सी सिटीच्या वाट्याला ती भरपूर होती, आणि ती ९० च्या हिशेबाबाहेर. म्हणजे तिथे फरक दहाचा कधीच नव्हता. २०१८ च्या कायद्यानंतर ती मदत टप्प्याटप्प्याने कमी होत गेली.

आता इमारत. चार्टरच्या मंडळाला कर लावता येत नाही. मूळ कायद्यात तर केंद्राचा पैसा सोडून इतर सरकारी पैशातून इमारत बांधायलाच मनाई होती. दुसरीकडे ॲबट खटल्यात १९९८ साली राज्याच्या सुप्रीम कोर्टाने गरीब शहरांतल्या शाळा-इमारतींचा भार राज्यावर टाकला आणि २००० साली त्यासाठी कायदा झाला. जर्सी सिटी त्या शहरांत येतं, पण तो पैसा डिस्ट्रिक्टच्या शाळांचा. चार्टरचं भाडं निघतं त्याच नव्वदातून, ज्यातून बाईंचा पगार निघतो. तुमचं चर्चमागचं पार्किंग त्यातलंच.

ग्वाल्हेरची_लेक

मी दुसऱ्या बाजूची. दहा वर्षं डिस्ट्रिक्टच्या शाळेत स्पेशल एज्युकेशन शिकवतेय, जिवाजी चौकातून थेट नेवार्कला.

खातेवही, भाड्याचं तुझं म्हणणं मान्य. आता आमच्याकडचं ऐक. गेल्या वर्षी चौथीच्या एका वर्गातून तीन मुलं चार्टरला गेली. वर्गात उरली एकवीस. बाई एक लागते ती लागतेच, बॉयलर तेवढाच जळतो, शिपाई तेवढाच. पण तीन मुलांचे पैसे त्यांच्यासोबत गेले. ते वाचवायचे कुठून? आमच्याकडे संगीताचा तास आठवड्यातून दोनचा एक झाला.

आणि ज्याची कुणी बेरीज करत नाही ती गोष्ट. चार्टरमधल्या एखाद्या मुलाला इतकी मदत लागली की त्याला खास खाजगी शाळेतच पाठवावं लागलं, तर ते बिल चार्टर भरत नाही, मूल जिथे राहतं तो डिस्ट्रिक्ट भरतो. चार्टरच्या मुलांची बसही आमच्याच बजेटात. शिवाय जर्सी सिटीसारख्या ठिकाणी तीन-चार वर्षांच्या बाळांची प्रीस्कूल. माझ्या वर्गात एक मुलगा आहे, बसमध्येसुद्धा त्याच्याजवळ नर्स बसते. हे सगळं डिस्ट्रिक्टच्या खर्चात मिळवायचं, मुलांच्या संख्येने भागायचं आणि म्हणायचं, 'बघा, यांना मुलामागे किती जास्त मिळतात'? काका, तुमच्या ऑडिटरने असला भागाकार चालवून घेतला असता का?

ह्यूस्टन_वाले

न्यू जर्सीवरून देश ठरवू नका, हा सगळा राज्याराज्याचा खेळ आहे. चार्टरचा पहिला कायदा १९९१ साली मिनेसोटाचा, नंतर प्रत्येकाने आपापलं गणित मांडलं. आमच्या टेक्सासमध्ये चार्टरला घरपट्टीतला छदाम मिळत नाही, सगळा पैसा राज्याचा. इमारतींसाठी पहिल्यांदा काही ठेवलं ते २०१७ च्या कायद्यात, सगळ्या चार्टर मिळून वर्षाला ६ कोटी डॉलर. कॅलिफोर्नियात २००० साली लोकांनी मतदान करून डिस्ट्रिक्टला भाग पाडलं की चार्टरच्या मुलांना जागा द्या. तिथे एकाच आवारात दोन शाळा आणि ग्राउंड कुणाला किती वाजता यावर भांडणं.

मांजलपूर_३९

काका, एवढं लांब कशाला जाता? आरटीईचं, म्हणजे आपल्या शिक्षणहक्क कायद्याचं, कलम १२(२) बघा. गरीब-वंचितांसाठी राखीव २५ टक्क्यांतलं मूल खाजगी शाळेत घेतलं तर सरकार मुलामागे स्वतःचा जेवढा खर्च होतो तो किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यातलं जे कमी असेल तेवढंच देणार. भागाकाराची हीच मारामारी आपल्याकडेही. माझी बहीण एका खाजगी शाळेत ॲडमिनला आहे, मार्च आला की तिचा फोन उचलायची भीती वाटते.

दांडियाबाजार_बडोदे

सगळ्यांचे आभार. खातेवहीताईंचं वाचून मला आमची ९-ब आठवली. पगार सरकारचा, इमारत ट्रस्टची. एका पावसाळ्यात पत्र्यातून धार लागली, मी ताडपत्री आणून बांधली आणि बिल निभाव खर्चात टाकलं. ऑडिटरने लाल शाईने गोल केला: इमारत ट्रस्टची, दुरुस्ती ट्रस्टची, रक्कम अमान्य. ट्रस्टकडे पैसे असते तर पत्रा गळला असता कशाला! दोन वर्षं माजी विद्यार्थ्यांच्या मागे लागलो तेव्हा नवे पत्रे आले. म्हणजे इमारतीचं दुखणं मला कळतं. पण ग्वाल्हेरच्या ताईंच्या भागाकारालाही माझ्याकडे उत्तर नाही. मास्तरांना वाचून दाखवलं, ते पहिल्यांदाच १९०६ विसरले.

मुलीकडून शाळेचा ऑडिट रिपोर्ट मागवला. जुनी सवय, प्रिंट काढून ओळीखाली पट्टी धरून वाचला. पगाराखालोखाल मोठा आकडा भाड्याचा. भाडं घेणारी एक ना-नफा संस्था आहे, आणि तिच्या मंडळावर शाळेच्याच मंडळातले दोघे दिसतात. हे तिकडे चालतं?

खातेवही_एडिसन

बऱ्याच ठिकाणी असतं, काका. शाळेला स्वतः बांधता येत नाही, मग जागा घ्यायला 'फ्रेंड्स ऑफ' नावाची वेगळी संस्था काढतात. ती कर्ज काढते, इमारत घेते आणि शाळेला भाड्याने देते. नुसत्या नावांवरून घोटाळा समजू नका, पण ते उघड केलेलं असायला हवं. रिपोर्टच्या शेवटी टिपा असतील, त्यात 'रिलेटेड पार्टी' (शाळेशी आतून संबंध असलेल्यांशी केलेले व्यवहार) शोधा. आणि भाडं चौरस फुटाला किती पडतं ते काढून आजूबाजूच्या भाड्याशी ताडून बघा.

दांडियाबाजार_बडोदे

टीप सापडली, चार ओळींची आहे. चौरस फूट कुठेच लिहिलेले नाहीत. मुलीला सांगितलंय, पालकसभेत विचार. ती म्हणते, बाबा, पोराला नुकतंच ॲडमिशन मिळालंय.