लहान मुलांना ज्युदोत तोड (समोरच्याच्या डावावरचा उलटा डाव) कधी शिकवावी?

गुहागर, प्रशिक्षक
आमच्याकडे पंधरा-सोळा मुलं येतात. परवा रांदोरीत, म्हणजे सरावाच्या मोकळ्या लढतीत, दहा वर्षांचा एक पोरगा कंबर मागे काढून, हात ताठ करून नुसता उभा. का रे, विचारलं तर म्हणाला, "सर, तो आत आला की उचिमाता सुकाशी मारणार." व्हिडिओत बघितलेली. उचिमाता म्हणजे मांडीच्या आतून पाय घालून उचलून टाकायचा डाव; तो पाय चुकवून समोरच्यालाच पाडायचं, ही त्याची तोड सुकाशी. माझं मत ठाम आहे: पहिली दोन वर्षं तोड शिकवूच नये. आधी पडायला शिका, मग समोरच्याचा तोल काढायला, मग स्वतःचा एक डाव. वाट बघायची खोड लागली की सुटत नाही. पुढे सामन्यात आक्रमण केलं नाही म्हणून शिदो, म्हणजे दंड, बसतात, तिसऱ्या शिदोला खेळ संपला.

चिपळूण, माजी खेळाडू
सर, नाही पटलं. कुस्तीच्या तालमीत डाव दाखवला की लगेच त्याची तोडही दाखवतात. पोरं वाकतात ती भीतीने. ओसोतोगारी घ्या. समोरच्याने बाहेरून टांग लावली की मागे झुकणारा गेलाच. पण जो आपला तो पाय झटकन मागे टाकतो आणि छाती पुढे आणतो, तो त्याच टांगेने त्याला उलटा घालतो. ही ओसोतोगाएशी दहा वेळा जमली की पोर आपोआप ताठ उभं राहतं. आम्ही उचिमाताला तेगुरुमाने, म्हणजे पाय धरून उचलून टाकत, उत्तर द्यायचो. २०१३पासून आंतरराष्ट्रीय नियमांत पाय धरणं बंद झालं, त्यामुळे आता उभं राहणं जास्तच महत्त्वाचं.

मालवण, पालक
मला डावपेच कळत नाहीत, पण तोड म्हणून तानी ओतोशी (समोरच्याच्या मागे बसत त्याला मागे पाडायचा डाव) मारताना एक मुलगी माझ्या लेकीच्या मागे न बसता थेट गुडघ्यावर बसली. गुडघा बाहेरून आत दाबला गेला. पाच महिने ती जिना एकेक पायरी धरून उतरत होती. शिकवणाऱ्यांनी हा विचार आधी करायला नको का?

चिपळूण, माजी खेळाडू
ताई, तानी ओतोशी मुलांत नकोच. त्यात मी तुमच्या बाजूने आहे.

रत्नागिरी, पंच
मी गुहागरच्या सरांच्या बाजूने. सुकाशी पंचालाही पटकन दिसत नाही. २०००च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये शंभर किलोवरच्या गटाची फायनल आठवा. फ्रान्सच्या दुइयेने उचिमाता टाकली, जपानच्या शिनोहाराने मांडी चुकवून त्याला फिरवलं, आणि गुण दिला गेला दुइयेला! तिथे असं होतं, तर आमच्या तालुक्याच्या स्पर्धेत त्या पोराने कोणाच्या भरवशावर वाट बघायची?

गुहागर, प्रशिक्षक
ओसोतोगाएशीचं चिपळूणकरांचं म्हणणं मानलं. सोमवारी ओहोटीला पुळणीवर नेतो मुलांना, ओल्या वाळूत पाय कुठे पडला ते उमटतं. पाय मागे टाकून छाती पुढे, एवढंच करून घेईन. सुकाशी मात्र नाही. त्या पोराला आधी स्वतःहून आत शिरू दे. हल्ला केलाच नाही, तर समोरच्याचा तोल कधी जातो हे त्याच्या हाताला कळणार कसं?