मदत हवी आहे: भागीदारी सोडली, तरी नंतरच्या उधारीची नोटीस मला

तिघांची नोंदणीकृत भागीदारी फर्म, हार्डवेअरचं दुकान. मी 31 मार्चला निवृत्त झालो. निवृत्तीपत्र नोटरी केलंय, जीएसटी आणि बँकेतून नाव काढलंय. पण दुकानात माझ्या नावाचं जुनंच बिलबुक चालू राहिलं. आता जूनमधल्या मालाच्या 4 लाखांसाठी पुरवठादाराच्या वकिलाची नोटीस मलाही आलीय. झोप उडालीय.

1932 च्या भागीदारी कायद्याचं कलम 32 वाचलं: जाहीर सूचना दिल्याशिवाय जबाबदारी सुटत नाही. राजपत्र, स्थानिक वर्तमानपत्र, फर्म निबंधक, कुठेच ती दिलेली नाही. मात्र एप्रिलमध्येच या पुरवठादाराला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं होतं, ‘बरं, कळलं’ असं त्याचं उत्तरही जपून ठेवलंय. नोटिशीला उत्तर द्यायला 8 दिवस उरलेत.

जाहीर सूचना नसली तरी त्याला प्रत्यक्ष माहीत होतं, एवढा बचाव कोर्टात टिकतो का?