नीस सोडा, बास्कला दिवस द्या
ताई, तुमच्या बेताप्रमाणे दहा दिवसांत पॅरिस, नीस, बोर्दो, सान सेबास्तियन, बिल्बाओ म्हणजे नुसती धावपळ होईल हो, आणि तीही लग्नाच्या २५व्या वाढदिवसाला! माझं ऐका, नीस सरळ काढून टाका, ते पार दुसऱ्या टोकाला आहे, आणि ते दिवस बास्क भागाला, म्हणजे सान सेबास्तियन-बिल्बाओच्या बाजूला द्या. पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनहून टीजीव्हीने, म्हणजे वेगवान ट्रेनने, बोर्दो दोन तासांत येतं, पुढे सीमेवरच्या आंदाय गावापर्यंत ट्रेन आणि तिथून सान सेबास्तियनला छोटी लोकल, साधारण पाऊण तास.

वाटेत सेंट-जॉ-द-लूझ या गावाला मात्र नक्की उतरा. १६६० साली फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईचं लग्न तिथल्या चर्चमध्ये झालं, आणि ज्या दारातून तो राणीसोबत बाहेर पडला ते नंतर भिंत घालून बुजवलं असं सांगतात, बुजवलेलं दार अजून दिसतं, आम्ही दोघं तिथे बराच वेळ नुसते उभे होतो.

सान सेबास्तियनला तीन रात्री तरी हव्यातच. जुन्या भागात एका बारमध्ये एकच पिंचो (तिथला छोटा चटकदार खाऊ) खायचा आणि पुढच्या बारमध्ये जायचं, हिल्डा आधी घ्या, काडीला ऑलिव्ह, अँचोवी आणि लोणच्यातली हिरवी मिरची, आपल्या जिभेला लगेच पटते. बिल्बाओला बसनेच जा, लोकल फार वेळ घेते.