जूनमधे पोर्तुगालचा अल्गार्व्ह किनारा, पोरं आणि सासूबाई सोबत. काय काय करावं?

धरमपेठवाली: नमस्कार मंडळी, आम्ही जूनमधे पोर्तुगालला जाणार आहोत, आधी लिस्बन आणि मग खाली अल्गार्व्ह. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात म्हणून हाच टाइम जमला. फोटोत पिवळे-लाल कडे आणि निळंशार पाणी दिसते, पण रोज नुसतं बीचवर बसायचं का? सासूबाईंना चढ-उतार जमत नाही, पक्क्या शाकाहारी आहेत, अंडंही नाही. गाडी भाड्यानं घ्यायची नाही. कोणी जाऊन आलं असंल तर सांगा ना.

मानेवाडा_मुसाफिर: ताई, सगळे लागोसला हॉटेल घेतात, पण सासूबाई आहेत तर ताविराला राहा. लिस्बनहून फारोला ट्रेननं तीनेक तास, तिथून लोकल गाडी. गाव छोटं, नदीकाठी निवांत फिरता येते, आणि समोर रिया फॉर्मोझा, म्हणजे वाळूच्या लांब बेटांची रांग आणि मधे खाडी. बोटीनं बेटावर जायचं. खाडीच्या बाजूला पाणी अंबाझरी तलावासारखं शांत, पोरांना बरं पडते. बाहेरचा समुद्र अटलांटिक आहे हे ध्यानात ठेवा, ऊन कितीही असलं तरी पाणी थंडगार, जूनमधे 20 डिग्रीच्या आसपास. पूर्वेकडं त्यातल्या त्यात कोमट. मिठागरांत फ्लेमिंगोही दिसतात.

ट्रेकवाला_नागपूर: एक गोष्ट मनापासून सांगतो. आपल्याला उन्हात सावली शोधायची सवय, अन् तिकडं बीचवर सावली असते ती कड्याखालीच. तिथं अजिबात बसू नका! ते कडे ठिसूळ आहेत, 2009 मधे आल्बुफेइराजवळ मारिया लुईझा बीचवर कडा कोसळून 5 जण गेले होते. छत्री भाड्यानं घ्या, पैसे लागू द्या. झेंडेही पाहा, लाल असला तर पाण्यात उतरायचंच नाही, पिवळा असला तर पोहायचं नाही.

बेनागिलची गुहा पाहायची तर बोटीतूनच, 2024 पासून आत उतरायला आणि पोहत जायला बंदी आहे. नवरोबा आणि मोठं पोरगं सकाळी लवकर मारिन्हा बीचपासून कड्यावरच्या पायवाटेनं चालून येऊ शकतात, एका बाजूनं सहाएक किलोमीटर, सावली जवळपास नाहीच, पाणी भरपूर न्या.

धरमपेठवाली: बापरे, कड्याचं माहीतच नव्हतं. आणि खाण्याचं?

बर्डीची_सुगरण: मासळीचाच मुलूख आहे तो, पण उपाशी नाही राहणार. ब्रेड, चीज, ऑलिव्ह, अंजीर, बदाम, टोमॅटो मस्त मिळते. फारो-ताविराच्या मधल्या ओल्याँव गावच्या बाजारात शनिवारी सकाळी बाहेर शेतकरी बसतात, तिथून घेऊन किचनवाल्या घरात वरणभात करा. सासूबाईंसाठी मात्र बेकरीत विचारूनच घ्या, पाश्तेल द नाता या छोट्या गोड पेस्ट्रीच्या आत अंड्याचा बलक असते, तिकडच्या बदामाच्या मिठायांतही बरेचदा असते. काल्दो व्हेर्द हे हिरवं सूप पाहून फसायला होते, त्यात सॉसेजचे तुकडे टाकतात.

आणि 12 तारखेच्या रात्री लिस्बनमधे असाल तर सांतो आंतोनियोचा सण आहे, गल्लोगल्ली सार्डिन मासे भाजतात, धूर अन् वास भरपूर. सासूबाईंना चालणार नसंल तर हॉटेल आल्फामा या जुन्या वस्तीपासून दूर घ्या.