मूठ, म्यान, आकडी : हातघडणीच्या सुऱ्यांचे शब्द

विचारणा
लोहाराने हाताने घडवलेल्या सुऱ्या आणि कोयत्या जमवतो. मुठी लाकडाच्या किंवा शिंगाच्या, म्याने चामड्याची. प्रत्येक वस्तूसोबत मराठीत माहितीची चिठ्ठी ठेवायची आहे. 'हँडल'ला मूठ लिहितो, पण 'शीथ'ला म्यान लिहिले की तलवार डोळ्यांपुढे येते. कोणी 'चर्मकोश' सुचवला, तो जिभेवर बसत नाही. 'टेम्परिंग'ला काय म्हणावे?

उत्तर
मूठच लिहा. धरण्याच्या जागेला आपल्याकडे वस्तूगणिक वेगळा शब्द आहे: कुऱ्हाडीचा दांडा, नांगराचे रुमणे, जात्याचा खुंटा, कढईचे कान. एका हाताच्या पकडीत मावते ती मूठ. तलवारीच्या मुठीला हाताच्या रक्षणासाठी जो भाग असतो तो परज. साध्या सुरीला तो नसतो, तेव्हा परज हा शब्द तिच्या चिठ्ठीत नको. मुठीच्या तोंडाशी लाकूड फाटू नये म्हणून घातलेली असते ती कडी, बहुधा पितळी.

म्यानाबद्दल शंका नको. पाते आत सरकते आणि ओढून काढता येते, ते म्यान. मग आत तलवार असो वा बोटभर सुरी. कापडी पिशवीत गुंडाळून ठेवत असाल तर ती गवसणी. वाद्यावर घालतात तीच.

सिंधुदुर्गातून
कोयतीच्या चिठ्ठीवर मात्र म्यान लिहू नका. आमच्याकडे कोयती आकडीत असते. आकडी म्हणजे तळहाताएवढा लाकडाचा ठोकळा, त्याला आरपार खाच, आणि दोरीने तो कमरेला मागच्या बाजूला बांधलेला. पाते खाचेतून खाली जाते, मूठ वर राहते. माडावर चढणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे हवेत, आणि कोयतीचे पाते टोकाशी वळलेले, ते सरळ म्यानात जाणारच नाही. गरजेतून घडलेली वस्तू आहे ही, आणि तिचे नावही तितकेच नेमके आहे. कर्नाटकातल्या कोडगूमध्ये ओडिकत्ती, म्हणजे तिथला रुंद वाकडा कोयता, अशीच पाठीमागे कमरेला पितळी तोडंगात अडकवतात, तिथेही कोणी तोडंगाला म्यान म्हणत नाही. संग्रहात कोयती आणि आकडीची जोडी ठेवा. नुसती कोयती म्हणजे अर्धीच वस्तू.

लोहारकामाच्या बाजूने
'टेम्परिंग'साठी नवा शब्द घडवू नका, पाणी आहे. लोहार पात्याला पाणी देतो, पाणी पाजतो. लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवायचे, मग पुन्हा हलके तापवून कडकपणा थोडा उतरवायचा, हे सगळे त्या एका शब्दात येते. पाणी जास्त झाले की धारेला खांडे पडतात, कमी झाले की धार वळते. सहाणयंत्रावर घासताना पात्यावर निळी झाक आली तर तिथले पाणी उतरले, असे समजायचे.

पाजणे आणि पाजवणे यांत गल्लत होते. पाणी पाजणे भट्टीपाशी, एकदाच. पाजवणे म्हणजे दगडावर घासून धार काढणे, ते कायमचे चालू. तिसरे क्रियापद शेवटणे: झिजलेली कुऱ्हाड किंवा कुदळ तापवून, ठोकून तिची धार पुन्हा काढणे. ही तीन क्रियापदे चिठ्ठीत नीट वेगळी ठेवलीत तर वाचणाऱ्याला ती वस्तू कशी जगली हे कळेल. पोलाद कुठले हेही लिहा. बहुतेक चांगले कोयते ट्रकच्या कमानपाट्याचे असतात.

मुठीच्या साहित्याबद्दल
'शिंग' एवढेच लिहिणे अपुरे. म्हशीचे शिंग बरेचसे पोकळ असते, केसा-नखांच्या जातीचे; तापवले की मऊ पडते, सरळ करता येते. साबरशिंग हे हाडच, भरीव. मराठीत दोन्हींना शिंगच म्हणतात, म्हणून प्राण्याचे नाव हवेच. त्यातही साबरशिंगावर १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो, जंगलात गळून पडलेले असले तरी. नवी मूठ हवी असेल तर शिसव, बाभूळ किंवा खैर घ्या.

म्यानाच्या चामड्याला 'टॅन केलेले' नको, कमावलेले म्हणा. कोल्हापुरी चपलांचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, तसे चामडे म्यानाला चांगले. सुरी मात्र त्यात महिनोन्महिने ठेवू नका. चामडे ओल धरते, पात्यावर डाग चढतात. तेल लावून वेगळी ठेवा.

विचारणाऱ्याकडून
पहिली चिठ्ठी अशी केली आहे:

कोयती. पाते कमानपाट्याचे, पाणी तेलातले. एकदा शेवटलेली. मूठ खैराची, तोंडाशी पितळी कडी. सोबत लाकडी आकडी, दोरी काथ्याची.

सुरीच्या चिठ्ठीत 'मूठ म्हशीच्या शिंगाची, म्यान साल-हिरड्यावर कमावलेल्या चामड्याचे' असे लिहितो. 'चर्मकोश' खोडला.