लेआउटमधलं रान राखायचंय, पण नेमकं करायचं काय?

बाभूळबन (लातूर):
नमस्कार मंडळी. आमच्या लेआउटच्या मागं नाल्याला लागून २०-२५ गुंठे ओपन स्पेस आहे, पहिल्यापासून तशीच पडून. बाभळी, हिवर, दोन जुने लिंब, बोरीची जाळी अन बाकी सगळं कुसळीचं गवत. सध्या नाल्यावरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लटकायलेत. मागच्या मीटिंगला ठरायलं होतं की जेसीबी लावून सपाट करायचं, पेव्हर ब्लॉक अन लॉन, कारण काय तर साप निघायलेत. मी भांडून सहा महिन्याची मुदत घेतली, म्हणलं आम्ही चौघं सांभाळतो. आता सांभाळायचं म्हणजे काय ते कळना 😅 गाजरगवत कंबरेला लागायलंय, एकजण म्हणतो तणनाशक मारा. अन नोंदी ठेवा म्हणतात, त्या कशाच्या?

काळीमाती (परभणी):
दादा तणनाशक नका मारू, नाल्याला लागून आहे म्हणता, सगळं पाण्यात जाईल अन कुसळ पण जळंल. पाऊस पडून गेला की माती मऊ असते तेव्हा मुळासकट उपटा, फुलावर यायच्या आत, हातमोजे घालून, अन ज्याला दमा आहे त्याला लांब ठेवा. फुलावर आलेलं असलं तर झटकू नका, बी पडतं.
दुसरं म्हणजे गाजरगवत खाणारे मेक्सिकन भुंगे. १९८४ ला बंगळुरूकडं पहिल्यांदा सोडले होते, आता इकडं पण कुठंकुठं आपोआप दिसतात, पिवळसर पाठीवर काळ्या रेघा. आमच्या कृषी विद्यापीठात चौकशी करा, पावसाळ्यातच करा. गाजरगवताचा पाला खाऊन चाळणी करतात. पाऊस सरला की मातीत जाऊन बसतात अन पुढच्या पावसाला वर येतात, म्हणून भुंगे सोडलेली जागा उकरायची नाही. अन जिथं उपटलं तिथं तरोट्याचं बी फेका, मोकळी जागा ठेवली की परत तेच उगवतंय.

टिटवी (छ. संभाजीनगर):
नोंदीचं मी सांगते, आम्ही करतो. चार कोपऱ्यात चार खुंट ठोका, दर महिन्याच्या एक तारखेला त्याच खुंटापासून त्याच दिशेला मोबाईलवर फोटो. बस. वर्षभरानं शेजारीशेजारी ठेवले की भाषण द्यावं लागत नाही. पक्ष्यांसाठी रविवारी सकाळी पंधरा मिनिटं उभं राहायचं, दिसलं ते अन किती ते वहीत, नंतर ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींची वेबसाइट) टाकायचं. काहीच दिसलं नाही तर तसं लिहा, तो दिवस गाळू नका. फेब्रुवारीत चार दिवस जगभर अशीच मोजणी असते, त्यात कॉलनीतल्या लेकरांना घ्या.
आमची चूक सांगते. एप्रिलमध्ये श्रमदान म्हणून सगळं झाडून चकाचक केलं अन टिटवीची चार अंडी गेली. ती उघड्या मुरमावरच घालते, खड्यात खडा दिसतो, पाय पडेपर्यंत कळत नाही. माझी आजी टिटवीनं उंचावर अंडी घातली की औंदा पाऊस लई म्हणायची. आता मार्च ते ऑगस्ट आम्ही मोकळ्या जागेत झाडू घेऊन शिरतच नाही.

शेजारधर्म (लातूर):
सगळं चांगलंय ओ, पण आमचं घर अशाच प्लॉटला लागून आहे अन पोर्चमध्ये घोणस निघाली होती. टिटवी मोजायला रविवारी येणार, रात्री लेकराला घेऊन पळायचं आम्ही.

काळीमाती (परभणी):
बरोबर बोललात, हे आधी सोडवा नाहीतर लोक ऐकणार नाहीत. भिंतीला लागून दहा फुटाचा पट्टा गवत कापून ठेवा, बांधकामाचा राडारोडा आधी हलवा, साप गवतापेक्षा त्यात जास्त बसतोय कारण उंदीर तिथं असतात, अन शिळं अन्न टाकणं बंद. रात्री टॉर्च. चावलाच तर बाहेरबाहेरची औषधं न करता १०८ ला फोन करून सरळ सरकारी दवाखाना. तोच पट्टा फेब्रुवारी-मार्चला जाळरेषा (आग पुढं पसरू नये म्हणून मोकळी ठेवलेली पट्टी) म्हणून पण कामाला येतो, कुणीतरी बिडी टाकतंच.

सातबारा (नांदेड):
कागद कुणी काढला का? एक एकरापेक्षा मोठ्या लेआउटला साधारण १० टक्के मोकळी जागा सोडावीच लागते, पण ती कुणाच्या ताब्यात आहे ते आधी मंजूर नकाशावर बघा. अन १९७५ चा झाडांचा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, मीटिंगचा ठराव असला तरी. झाडं मोजून यादी करा, बुंध्याचा घेर लिहा अन मनपात देऊन पोच घ्या. वेडी बाभूळ (बाहेरदेशातून आलेली, रान व्यापणारी) असली तर ती वेगळी लिहा, ती काढायची वेळ आली तरी आधी विचारूनच काढा.

बाभूळबन (लातूर):
शेजारधर्म भाऊ, पट्ट्याचं काम याच आठवड्यात घेतो, राडारोडा उचलायला ट्रॅक्टर सांगितलाय. झाडं मोजली, लहानमोठी धरून ४१. टिटवीताई, पहिली मोजणी केली, सुगरणी १८, भारद्वाज एक, कुत्रे ६ (ते पण लिहिलेत). खुंट शनिवारी ठोकले होते लोखंडी अँगलचे, सोमवारी बघितलं तर दोन भंगारवाल्यानं नेलेले. आता चारही जागी दगड गाडून चुना लावलाय.